स्केव्होसची सही

"सगळं आणलंस. शेजारणीचा कचऱ्याचा डबा आणलास, कुणाची कुठली ती निळी खुर्ची आणलीस, देवाच्या फळीवर मेलेला मासा ठेवून गेलास. एक मागितलं होतं, तेवढं आणलं नाहीस."

नोमिकी हातात बादली घेऊन मागच्या दारात थबकली. सासूबाई पाठमोऱ्या पायरीवर बसून पातेल्याच्या बुडाची माती घासत होत्या, आणि बोलणं चाललं होतं समोरच्या खाडीशी. खाडी नोव्हेंबरातलं ऊन खात निवांत पडली होती, जणू आपण कधी कुणाच्या घरात शिरलोच नाही.

"कुणाशी बोलताय, आई?"

"पातेल्याशी. आणि तू अशी मांजरासारखी मागे येऊन उभी राहू नकोस, सूनबाई. पायात काहीतरी वाजणारं घाल."

नोमिकीनं बादली मोरीत ओतली. नवऱ्याच्या, स्केव्होसच्या खोलीतल्या यंत्राची होती ती. वादळाला सात आठवडे होऊन गेले होते. समुद्र एक रात्र छातीइतका घरात उभा राहिला, सकाळी निघून गेला, आणि भिंतींवर एक सरळ तपकिरी रेघ ओढून गेला. नंतर भिंतींचे बोर्ड त्या रेघेपर्यंत कापून काढले, लाकडी खांब उघडे पडले, आणि प्रत्येक खोलीत ओल ओढणारं एकेक यंत्र घुरघुरत बसलं. बाकीच्या खोल्यांतली यंत्रं आता दिवसाला वाटीभर पाणी देत होती. स्केव्होसच्या खोलीतलं अजून बादली भरत होतं. सकाळी एक, दुपारी एक.

स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज आला. "अगं, तो बघ! तो भिंत चाटतोय!"

सेव्हास्ती शिकागोहून आठ दिवसांसाठी आली होती आणि आठही दिवस कुणाला ना कुणाला दटावत होती. नोमिकी आत गेली. शिडीवर ओरेस्तेस उभा होता. बुटका, पन्नाशीचा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला. त्यानं छताच्या डागावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि मान डोलावली.

"गोडं," तो म्हणाला. "हे पावसाचं पाणी. खालच्या रेघेखाली मीठच मीठ आहे. म्हणजे आधी वाऱ्यानं छप्पर उचकटलं, वरून पाऊस आला, नि समुद्र आला तो मागाहून. नमुने लॅबला पाठवलेत, पण जीभ लवकर सांगते."

"आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला ते?" नोमिकीनं विचारलं.

"तो किती वेळ होता?"

"वीस मिनिटं," स्केव्होसचा धाकटा भाऊ साकेलारिस म्हणाला. "त्यातली दहा फोनवर."

कंपनीचा तो पोरगेला सर्व्हेअर बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आला होता. हे सगळं समुद्राचं काम, म्हणाला. तुमची पॉलिसी वाऱ्याची आहे, पुराची नाही. पुराची या घरानं कधी घेतलीच नव्हती. सासरे जन्मभर स्पंज काढणारे पाणबुडे. ते म्हणायचे, समुद्राविरुद्ध विमा उतरवणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. टार्पन स्प्रिंग्जच्या धक्क्यावरची निम्मी जुनी घरं याच एका ऐटीपायी आज उघडी पडली होती.

म्हणून साकेलारिसनं ओरेस्तेसला आणलं. हा कंपनीचा नव्हे, आपल्या बाजूचा सर्व्हेअर. आपल्या वतीनं नुकसान मोजणार, कंपनीशी भांडणार, आणि जे सुटेल त्यातला दहावा हिस्सा घेणार. सेव्हास्तीनं पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं, "वादळ गेलं की ही माणसं उगवतात. अळंब्यांसारखी." सासूबाईंना मात्र तो नावावरून आवडला होता.

"ओरेस्तेस? मग आपल्या ग्रीकांतलाच की रे तू."

"नाही आजी, क्यूबाचा. आमच्या आईला नाटकी नावांची हौस."

"असू दे. जेवून जा."

तीन दिवस तो जेवून जात होता, आणि तीन दिवसांत त्यानं माळ्यावरचा एकेक खिळा पाहिला होता. आज एकच खोली उरली होती.

"मागची," तो शिडी उतरत म्हणाला. "तिथल्या सामानाची यादी झाली की कागद पुरे. कुणाची खोली ती?"

"स्केव्होसची," साकेलारिस म्हणाला. "माझा थोरला भाऊ."

"हो, पॉलिसी त्यांच्याच नावावर आहे ना. असतात कुठे?"

"बाहेर आहे. पाण्यावर."

हे उत्तर इतकं घासून गुळगुळीत झालं होतं की ते कुणाच्याही तोंडात अडखळत नसे. पोस्टमनला हेच, बँकेत हेच. गावालाही पाठ होतं. चर्चमध्ये सासूबाई दर मोठ्या सणाला पाद्रीबाबांना दोन चिठ्ठ्या देत, एक जिवंतांच्या नावांची, एक गेलेल्यांची. स्केव्होसचं नाव अकरा वर्षं पहिल्या चिठ्ठीत वाचलं जात होतं, आणि त्या वेळी सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघत असे.

ओरेस्तेसनं मान हलवली. असेल कुठे तरी मालवाहू बोटीवर, असं त्यानं धरलं असावं.

नोमिकीनं त्याला खोली उघडून दिली. आत गारवा होता, यंत्रं चालू असलेल्या खोलीत नसतो तसला, आणि वास होता. ओल्या दोराचा. कपाटाचा वरचा खण रेघेच्या वर होता, तो वाचला होता.

"एकेक वस्तू सांगा. किती जुनी, कुठून घेतली," ओरेस्तेस वही काढत म्हणाला. "पलंग?"

"आमचा लग्नातला."

"दाढीचा ब्रश." त्यानं तो उचलला आणि परत ठेवला. "ओला आहे."

"आई भिजवतात," नोमिकी म्हणाली. "आठवड्यातून एकदा. सुकला की केस गळतात म्हणून."

कपाटाचा खण उघडला. पांढरे शर्ट, घडी घातलेले, टाचण्या लावलेले, एकावर एक. लेबलं लोंबत होती. त्यानं ते मोजले. अकरा.

"एकही वापरलेला नाही?"

"दर ईस्टरला आई एक घेतात."

तो गळ्यावरचे आकडे वाचत गेला आणि त्याचा आवाज हळू होत गेला. "पंधरा. पंधरा. साडेपंधरा... सोळा. बाई, हे वाढत गेलेत."

नोमिकीला ते ठाऊक नव्हतं. ती खोली झाडायची, बिछाना टाकायची, पण शर्टांना तिनं कधी हात लावला नव्हता. मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या पातेलं हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"चाळिशी उलटली की माणूस सुटतोच," त्या म्हणाल्या. "त्याचा बापही सुटला होता." आणि त्या निघून गेल्या.

मागोमाग खोलीत आलेल्या सेव्हास्तीनं नोमिकीचा दंड धरला. दोघी नणंद-भावजया, तीस वर्षं एकमेकींना टोचत आलेल्या. पण त्या क्षणी दोघींचे हात सारखेच गार होते.

तेवढ्यात यंत्रानं टिकटिक केली. बादली भरली होती. "आत्ताच ओतली होती मी," नोमिकी म्हणाली. "पाच मिनिटं झाली असतील."

"आणि खारं आहे ते," साकेलारिस दारातून म्हणाला. "मी परवा चाखून बघितलं. कुणाला बोललो नाही."

"शक्यच नाही." ओरेस्तेस पहिल्यांदा हसला. "हवेतली वाफ ओढतं हे. मीठ वाफेबरोबर येत नाही. पाणी तुम्ही बॅटरीत घालू शकता इतकं शुद्ध असतं."

त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग हसू तसंच राहिलं आणि चेहरा त्याच्यामागून निघून गेला. त्यानं खिशातून रुमाल काढून जीभ पुसली, वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.

"आपण बाहेर बसून कागद करू," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात नवं टेबल नव्हतं. दोन पिंपांवर दार आडवं टाकलं होतं. सासूबाईंनी कॉफी दिली, तिळाची बिस्किटं ठेवली आणि पुन्हा मागच्या पायरीवर गेल्या. ओरेस्तेस पूर्ववत झाला होता. कागदांत माणूस लवकर सावरतो.

"आकडा चांगला येईल," तो म्हणाला. "छप्पर, माळा, भिंती, सगळं वाऱ्याच्या खाती बसतंय. फक्त शुक्रवारच्या आत नुकसानीचं प्रतिज्ञापत्र गेलं पाहिजे, नाहीतर कंपनी फाइल बंद करील. आणि ते पॉलिसीच्या मालकानं नोटरीसमोर सही करून द्यायचंय. स्केव्होस कधी पोचतायत?"

सेव्हास्तीनं बिस्किटाचा चुरा एका बाजूला केला, मग दुसऱ्या बाजूला.

"आज सोमवार आहे," ओरेस्तेस म्हणाला.

"तो येणार नाही," साकेलारिस म्हणाला. "या आठवड्यात."

"मग कुठल्या?"

ओरेस्तेसनं कॉफीचा कप खाली ठेवला. तीन दिवस घराच्या भेगा वाचणारा माणूस तो. आता तो माणसं वाचू लागला. "किती दिवस झाले ते गेल्याला?"

"अकरा वर्षं," नोमिकी म्हणाली. "येत्या मार्चमध्ये पन्नास वर्षांचे होतील." मग आपण कोणतं क्रियापद वापरलं हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"म्हणजे ते..."

"बुडी मारली," साकेलारिस म्हणाला, दारावरच्या कडीकडे बघत. "शंभर फुटांवर. हवेची नळी माझ्या हातात होती. वर ओढली तर हलकी लागली. नुसती नळी आली. तटरक्षक दलाची बोट चार दिवस फिरली. काही मिळालं नाही. काही मिळालं नाही म्हटल्यावर काय म्हणायचं माणसानं?"

ओरेस्तेसनं पिशवीतून जाड फाइल काढली. "मग हे सांगा. पॉलिसीचं दर वर्षी नूतनीकरण झालंय. दर ऑगस्टला एक फॉर्म, त्यावर पॉलिसीवाल्याची सही. कंपनीनं मला सगळ्या प्रती दिल्यात." त्यानं ते कागद एकाखाली एक मांडले.

नोमिकी वाकली. नवऱ्याची सही तिला अंधारात ओळखू आली असती. पहिली तशीच होती, तिरकी, शेवटी शेपूट वर. दुसरीही. पण खाली उतरावं तशी ती बदलत होती. शेपूट आखूड झालं. अक्षरं रुंदावली. शेवटच्या दोन-तीन सह्या थरथरलेल्या होत्या, सुटलेल्या हाताच्या, चष्मा शोधून केलेल्या. कुठल्याशा खोलीत बसून एक माणूस दर वर्षी एका वर्षानं म्हातारा होत होता आणि ऑगस्टात सही करत होता.

"हे कुणी केलं?" सेव्हास्तीनं विचारलं. "साकेलारिस?"

"मी नाही. मला वाटत होतं नोमिकी करते."

"मला वाटलं तू," नोमिकी म्हणाली. "नाहीतर बाबा."

"बाबा जाऊन तीन वर्षं झाली," सेव्हास्ती म्हणाली, आणि सगळ्यांचे डोळे खालच्या तीन कागदांवर गेले.

मागच्या खोलीत यंत्र घुरघुरत होतं. अकरा वर्षांत तिला एकदाही असं वाटलं नव्हतं की तो कुठे जिवंत आहे. आत्ता, भर दुपारी, कॉफीच्या वासात, ते तिला वाटलं आणि तिला आनंद झाला नाही. तिला भीती वाटली.

"ऐका," ओरेस्तेस हलक्या आवाजात म्हणाला. "मार्ग आहे. पाच वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला कोर्ट मृत धरू शकतं. बायकोनं अर्ज करायचा. अर्ज करतोय एवढं कळवलं तरी मी कंपनीकडून मुदत मागून घेईन, पुढे वारसाच्या सहीवर क्लेम चालेल. पण पत्रात एक वाक्य लागेल. ते मी रचू शकत नाही. घरातल्या कुणीतरी ते म्हटलं पाहिजे."

सेव्हास्तीनं भावाकडे पाहिलं. "आईसमोर?" ती कुजबुजली. "आई मरेल. तिच्याच्यानं नाही सोसवणार."

"दुसरं काहीतरी बघू," साकेलारिस म्हणाला आणि उठून मागच्या खोलीत गेला.

"तसंही सगळं अडतंयच," सेव्हास्ती बोलत राहिली, गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. "मी म्हणत होते विकून टाका, तर विकायलाही सही त्याचीच. छपराची ताडपत्री जानेवारीही काढणार नाही. आईला शिकागोला नेते म्हटलं तर म्हणते तिथे समुद्र नाही. आणि तू, नोमिकी, तू तरी किती दिवस... हा बघ कसला रंग आहे झग्याचा! ना काळा ना रंगीत. अकरा वर्षं चिखलाच्या रंगात वावरतेस."

नोमिकी उत्तर देणार होती. एक चांगलं बोचरं उत्तर तिच्या जिभेवर आलंही होतं. पण तेव्हा दारात स्केव्होस उभा राहिला.

पांढरा शर्ट, घडीच्या रेघा छातीवर उभ्या-आडव्या. केस मागे ओले करून फिरवलेले. पोट थोडं सुटलेलं, दाढीत पांढरं. तो आज जसा असता तसा.

सेव्हास्तीनं छातीवर क्रूस काढला.

"नोटरी आपली फोटिनी आहे," तो म्हणाला, आणि आवाज साकेलारिसचा होता. "माझ्या वर्गातली. ती कागद बघेल, तोंड बघणार नाही. आणि बघितलं तरी गावात कोण बोलणार आहे? इतकी वर्षं कोण बोललं? एक सही. घर उभं राहील, आईला काही ऐकावं लागणार नाही."

"तसंच करू," सेव्हास्ती घाईनं म्हणाली. "नोमिकी, तसंच करू या."

ओरेस्तेसनं फाइल मिटली. "मी आजवर छप्पर कधी खोटं लावलं नाही. माणूस कुठून लावू? हे मी पाहिलेलं नाही. तुम्ही असलं काही करणार असाल तर मी बिस्किटांबद्दल आभार मानून निघतो."

"मग मी विचारते," नोमिकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका लागला. "उद्या फोटिनीसमोर हा माझा नवरा ठरला, तर परवा मी कोण? शिक्क्यानिशी जिवंत माणसाची बायको? आणि त्याच्यापुढची वर्षं? पुढच्या ऑगस्टला कोण सही करणार, साकेलारिस? तू मेलास की कोण?"

"मी काही तुझ्यासाठी..."

"नळी तुझ्या हातात होती म्हणून तू आता त्याचे कपडे घालणार का?"

हे तिनं बोलायला नको होतं. ते बोलून झालं होतं. साकेलारिस भिंतीला टेकला, आणि त्याच वेळी सासूबाई आत आल्या.

सासूबाई शर्टातल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग जवळ गेल्या. ओल्या बोटांनी त्याची कॉलर सारखी केली, खांद्यावरची शिवण चिमटीत धरून पाहिली.

"खांद्यात थोडा उसवायला हवा," त्या म्हणाल्या. "काढ तो."

"आई, मी फक्त..."

"काढ. तुझा नाही तो."

त्यांनी ओट्यावरचा चष्मा घेतला, टेबलाशी आल्या आणि मांडलेल्या कागदांवरून नजर फिरवली, शिवणकाम तपासावं तशी. "ही बिघडली होती," त्यांनी शेवटून दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा."

"तू?" सेव्हास्ती म्हणाली. "आई, तू केल्यास या?"

"मग कोण करणार? लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तो माझी सही करायचा. मला वाटलं, मी त्याची केली तर फिट्टंफाट."

"पण का?" साकेलारिसच्या हातात शर्ट गोळा झाला होता. "आम्ही सगळे तुझ्यासाठी गप्प बसलो! तुला धक्का बसेल म्हणून!"

"माझ्यासाठी?" म्हाताऱ्या बाईनं चष्मा काढला. "मी कधी सांगितलं गप्प बसा? पाणबुड्याची मुलगी मी, पाणबुड्याची बायको. हलकी नळी वर येते तेव्हा काय असतं ते मला तू सांगणार?" मग त्या नोमिकीकडे वळल्या आणि त्यांचा सूर उतरला. "आमच्या बेटावर आईनं म्हणायचं नसतं ते. पहिला शब्द बायकोचा. बायको काळं नेसते, तिच्या मागून आई. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले, पोरी. तू हा मातकट झगा घातलास. दुसऱ्या वर्षी घातलास, तिसऱ्या वर्षी घातलास. म्हटलं हिला आशा आहे. हिची आशा मी कशी मोडू? म्हणून ब्रश भिजवला. म्हणून शर्ट आणले. तुला दिसावेत म्हणून आणले, आणि तू तर तो खण कधी उघडलाच नाहीस."

नोमिकीला बसायला खुर्ची नव्हती. ती दाराच्या टेबलाला धरून उभी राहिली. "मी तुमच्यासाठी थांबले होते, आई."

"माहीत आहे. आत्ता कळलं."

ओरेस्तेस खाली बघत होता. त्यानं हळूच एक कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिण्याआधी थांबला. सेव्हास्तीनं तोंडावर हात धरला होता. साकेलारिस शर्टाच्या टाचण्या शोधत असल्यासारखा जमिनीकडे बघत होता.

सासूबाईंनी टेबलावरून हात सरकवून सुनेच्या मनगटावर ठेवला. हात ओला होता, राखेनं खरखरीत. "म्हण," त्या म्हणाल्या. "तू म्हटल्याशिवाय मला रडता येत नाही."

नोमिकीनं तोंड उघडलं.

"स्केव्होस मेला," ती म्हणाली. ओरेस्तेसकडे वळून तिनं ते पुन्हा म्हटलं, सरळ, स्पष्ट, मागच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा नवरा मेलाय. लिहा."